चार दुरुस्त्या आणि तीस दिवस

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. नारळ वाढवतात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात आणि मग लिंबू चिरडत गाडी पहिला फेरा मारायला निघते. इडापिडा टळो, हा त्यामागचा भाव. अमेरिकेत मात्र मोटार आणि लिंबू यांचे नाते अगदी उलटे आहे. कोरी करकरीत दिसणारी, पण घेतल्या दिवसापासून गॅरेजच्या वाऱ्या करायला लावणारी गाडी म्हणजे तिथे 'लेमन'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच तिथल्या बोलीभाषेत फसलेल्या खरेदीला हा शब्द रूढ होता. पुढे तो मोटारीला चिकटला आणि १९८२ मध्ये थेट कायद्याच्या नावात जाऊन बसला. या 'लेमन लॉ'ची कहाणी आज सांगायची आहे. ती आहे अमेरिकेतली, पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपाशी ताटकळत उभ्या राहिलेल्या कुणालाही ती आपलीच वाटेल.

घराखालोखाल सामान्य कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे गाडी. बहुतेकांनी ती कर्जावर घेतलेली असते. गाडी वर्कशॉपमध्ये उभी असली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही, विमा थांबत नाही आणि कामावर जायचेही थांबत नाही. रिक्षाचा पैसा वेगळा, बुडालेली रजा वेगळी. कंपनी मात्र म्हणते, 'वॉरंटी आहे ना, आम्ही फुकट दुरुस्त करून देतो.' बोलणे खरेच असते. प्रश्न एवढाच, की असे किती वेळा? पाच वेळा दुरुस्त होऊनही जी गाडी भर चौकात बंद पडते, ती दुरुस्त झाली असे म्हणायचे का? या साध्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने द्यावे, यासाठी जवळजवळ पाऊण शतक जावे लागले.

सुरुवातीला तर कंपनीकडे बोट दाखवण्याची सोयच नव्हती. ज्याच्याशी तुमचा करार, त्याच्यावरच तुमचा दावा, असा जुना इंग्रजी नियम होता. गाडी विकणार दुकानदार, त्यामुळे तक्रार दुकानदाराकडे. कारखानदार दूर कुठेतरी सुरक्षित. हा नियम हलवला तो न्यूयॉर्क राज्यातल्या एका दगड घडवणाऱ्या कारागिराने. डोनल्ड मॅकफर्सन त्याचे नाव. त्याने १९१० मध्ये एका दुकानदाराकडून ब्यूक गाडी घेतली. त्या काळी चाकांना लाकडी आरे असत. मॅकफर्सनच्या गाडीचे एक चाक धावता धावता मोडले आणि तो बाहेर फेकला जाऊन जखमी झाला. चाक आम्ही बनवलेले नाही, दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतले, आणि गाडीही आम्ही मॅकफर्सनला नव्हे, दुकानदाराला विकली, असे ब्यूक कंपनीचे म्हणणे होते. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी १९१६ मध्ये ते फेटाळले. सदोष बनली तर माणसाच्या जिवावर बेतेल अशी वस्तू जो बाजारात आणतो, त्याने ती तपासली पाहिजे. ती दुकानदाराकडे पडून राहणार नाही, दुसराच कुणी वापरणार, हे त्याला ठाऊक असते, असा त्या निकालाचा आशय. कारखानदार आणि ग्राहक यांच्यामधली भिंत इथे पहिल्यांदा पडली.

पण ही भिंत पडली ती इजा झालेल्या माणसासाठी. ज्याची गाडी नुसतीच वाईट निघाली, त्याच्या हाती काय होते? त्याच्या हाती होता वॉरंटीचा कागद. हा कागद ग्राहकाच्या रक्षणासाठी असतो असे आपण समजतो. इतिहास सांगतो की बराच काळ तो कंपनीच्या रक्षणासाठी होता. न्यू जर्सी राज्यातले क्लॉस हेनिंगसन यांनी मे १९५५ मध्ये पत्नीला 'मदर्स डे'ची भेट म्हणून नवी प्लिमथ गाडी घेतली. दहा-बारा दिवसांनी, गाडी जेमतेम ४६८ मैल चालली असताना, पत्नी हेलन यांना बॉनेटखाली मोठा आवाज ऐकू आला. स्टिअरिंग हातातून गरकन फिरले आणि गाडी विटांच्या भिंतीवर आदळली. खरेदीच्या अर्जामागे बारीक अक्षरांत वॉरंटी छापलेली होती. ९० दिवस किंवा ४,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल तेवढी मुदत. त्या मुदतीत सदोष भाग स्वखर्चाने कारखान्यात पाठवायचा; कंपनीला तो सदोष वाटला तर ती बदलून देणार. बाकी कोणतीही जबाबदारी, उघड वा गृहीत, आमच्यावर नाही, असेही त्यातच लिहिलेले.

ग्राहकाने दुसऱ्या कंपनीकडे जावे म्हटले, तर तिथेही तोच मजकूर. मोटार उत्पादकांच्या संघटनेने वॉरंटीचा एकच नमुना ठरवला होता आणि सगळ्या बड्या कंपन्या तोच वापरत. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये या कागदाचा खरा अर्थ उघड केला. ज्या करारात एका बाजूला घासाघीस करण्याची शक्यताच नाही, त्यातली जबाबदारी झटकणारी कलमे न्यायालय मानणार नाही, असे त्याने ठरवले. विकलेली वस्तू तिच्या नेहमीच्या वापराला योग्य असलीच पाहिजे, ही कायद्याने गृहीत धरलेली हमी बारीक अक्षरांनी पुसता येत नाही, हा हेनिंगसन खटल्याचा धडा.

त्याच राज्यात १९६७ मध्ये घडलेला दुसरा प्रसंग मला जास्त बोलका वाटतो. स्मिथ नावाच्या गृहस्थांनी नवी शेव्हरोले घेतली. त्यांची पत्नी ती घरी आणायला निघाली. घर अवघे अडीच मैलांवर. शोरूमपासून मैलभरही गेली नसेल, तोच गाडी सिग्नलला बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मग गिअरच साथ देईनात. नवऱ्याने ती कशीबशी, बैलगाडीच्या वेगाने घरी नेली, बँकेला कळवून चेक थांबवला आणि गाडी परत घेऊन जा असे विक्रेत्याला सांगितले. विक्रेत्याने गाडी नेली आणि शोरूममधल्या दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स काढून तिच्यात बसवला. आता नेऊ शकता, म्हणाला. स्मिथ नाही म्हणाले. विक्रेता पैशांसाठी कोर्टात गेला आणि १९६८ मध्ये हरला. न्यायालयाचे म्हणणे असे, की माणूस नवी गाडी घेतो तेव्हा केवळ पत्रा आणि इंजिन घेत नाही, मनाची निश्चिंती घेतो. तो विश्वास एकदा डळमळला की जोड देऊन भरून येत नाही. विक्रेत्याला दोष दूर करण्याची संधी जरूर मिळावी, पण ती संधी म्हणजे अमर्याद ठिगळे लावण्याचा परवाना नव्हे.

याच सुमारास अमेरिकेत मोटारींविषयीची चर्चा दुकानातून चव्हाट्यावर आली. राल्फ नेडर या तरुण वकिलाचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक १९६५ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. जॉर्ज अकर्लोफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये 'द मार्केट फॉर लेमन्स' नावाचा छोटासा निबंध प्रसिद्ध केला. आधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. मुद्दा साधा होता. जुनी गाडी विकणाऱ्याला तिचे अवगुण ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीला संशयाने कमीच भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावात ती विकायला काढत नाही, आणि बाजारात उरतात ती लिंबेच. विशेष म्हणजे १९६७-६८ या काळात अकर्लोफ दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि त्यांच्या निबंधात आपल्या सावकारांच्या व्याजाचीही चर्चा आहे. ही कोंडी फोडण्याचे जे उपाय त्यांनी सांगितले, त्यांतला पहिला म्हणजे हमी, वस्तूबरोबर मिळणारी गॅरंटी. याच निबंधातल्या विचाराबद्दल २००१ मध्ये त्यांना नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

पण हमीच फसवी असेल तर? सिनेटर वॉरन मॅग्नसन आणि प्रतिनिधी जॉन मॉस यांच्या नावाने ओळखला जाणारा वॉरंटी कायदा या प्रश्नातून आला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ४ जानेवारी १९७५ रोजी त्यावर सही केली. लेखी वॉरंटी द्यायलाच हवी, अशी सक्ती या कायद्याने केली नाही. दिली तर ती सोप्या भाषेत द्या आणि ती 'पूर्ण' आहे की 'मर्यादित' हे ठळकपणे सांगा, असे बजावले. एका हाताने लेखी वॉरंटी देऊन दुसऱ्या हाताने कायद्याची गृहीत हमी काढून घेण्याची चलाखी त्याने बंद केली. ग्राहक खटला जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीकडून वसूल करण्याची सोयही केली. ही तरतूद दिसायला लहान, पण महत्त्वाची. चार पैशांच्या दाव्यासाठी आठ पैशांचा वकील कोण करणार? ते कोडे तिने सोडवले.

तरीही भोक राहिलेच. 'पूर्ण' वॉरंटी असेल तर वाजवी संख्येने प्रयत्न करूनही दोष न गेल्यास वस्तू बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, असे कायदा म्हणत होता. मोटार कंपन्यांनी आपल्या वॉरंटीवर 'मर्यादित' हा शब्द छापला आणि त्या मोकळ्या झाल्या. शिवाय 'वाजवी संख्या' म्हणजे किती? तीन, सहा की दहा? ग्राहकाला दोन पुरेशा वाटणार, कंपनीला वीससुद्धा कमी. ते ठरवायचे तर कोर्टात जायचे आणि कोर्टाचा निकाल येईपर्यंत गाडीची मुदतच संपायची.

हे भोक बुजवले कनेक्टिकट या छोट्याशा राज्याने. तिथल्या विधिमंडळात जॉन वुडकॉक या सदस्याने विधेयक मांडले आणि मोटार उद्योगाचा विरोध असतानाही १९८२ मध्ये ते संमत झाले. त्याची खुबी भारदस्त तत्त्वांत नव्हती, दोन आकड्यांत होती. ठरलेल्या मुदतीत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही तो दोष कायम राहिला, किंवा दुरुस्तीसाठी गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये अडकून पडली, तर वाजवी संधी देऊन झाली असे कायदा समजणार. त्यानंतर गाडी बदलून द्या, नाहीतर वापराचा भाग वजा करून पैसे परत करा. मात्र दोष किरकोळ नको. गाडीचा वापर, सुरक्षितता किंवा किंमत यांत मोठी उणीव आणणारा हवा, आणि तो मालकाच्या हेळसांडीने आलेला नसावा.

या दोन आकड्यांनी काय बदलले पाहा. तोवर ग्राहकाला सिद्ध करावे लागे की गाडीत अमुक भाग मुळातच सदोष आहे. त्यासाठी तज्ज्ञ हवा, यंत्रे हवीत आणि कारखान्याची कागदपत्रे हवीत. हे सगळे कंपनीपाशी असते, ग्राहकापाशी नसते. नव्या कायद्याने विचारले, गाडी किती वेळा आणली आणि किती दिवस ठेवली? याचे उत्तर वर्कशॉपच्या पावत्यांवर असते. वादाचा विषय इंजिनाच्या पोटातून निघून कॅलेंडरवर आला, आणि कॅलेंडर तर प्रत्येकाच्या घरी असते.

कॅलिफोर्नियात ग्राहक वॉरंटीचा कायदा १९७० पासून होता. तिथेही १९८२ मध्येच असे आकडे त्यात घातले गेले. पुढच्या दहा-बारा वर्षांत सगळ्या ५० राज्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात हा कायदा आला. कुठे तीन दुरुस्त्या, कुठे चार; ब्रेक किंवा स्टिअरिंगसारखा जिवावरचा दोष असेल तर काही राज्यांत त्याहून कमी. कोर्टाची पायरी न चढता निवाडा मिळावा म्हणून कनेक्टिकटने १९८४ मध्ये सरकारी देखरेखीखाली लवादाची व्यवस्था केली. एक नवी पळवाटही दिसू लागली. कंपनी परत घेतलेली गाडी रंगसफेदी करून दुसऱ्या भोळ्या गिऱ्हाइकाला विकू लागली, म्हणजे अकर्लोफचे लिंबू पुन्हा बाजारात. त्यावर कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच तसा शिक्का मारण्याची सक्ती केली.

अर्थात हा लढा संपलेला नाही. मूळ वॉरंटीची मुदत शिल्लक असलेली जुनी गाडी घेणाऱ्याला बदली किंवा परतावा मागण्याचा हा विशेष हक्क केवळ त्या शिल्लक मुदतीमुळे मिळत नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. त्याच वर्षी तिथे या दाव्यांची कार्यपद्धती आणि मुदती बदलणारा कायदा झाला. इकडे आशियात मात्र ही कल्पना पसरत गेली. सिंगापूरने २०१२ मध्ये, चीनने २०१३ मध्ये, फिलिपाइन्सने २०१४ मध्ये आणि दक्षिण कोरियाने २०१९ पासून आपापल्या परीने असे नियम लागू केले.

आणि आपण? आपल्याकडे कित्येक वर्षे हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण गाडी मिळणे हेच भाग्य होते. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि बंगालमधली ॲम्बेसिडर. पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लावायचा. नंबर लागल्यावर जी गाडी मिळेल ती गोड मानून घ्यायची. परत करतो म्हणाल, तर मागे रांग उभीच. मारुती ८०० ही १९८३ च्या अखेरीस आली आणि हळूहळू चित्र पालटले. याच काळात ग्राहक चळवळही उभी राहत होती. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये स्थापन झाली, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. दोष दूर करा, वस्तू बदला, पैसे परत करा, असे आदेश देण्याचा अधिकार जिल्ह्याच्या ग्राहक मंचाला मिळाला. पोटापाण्यासाठी स्वतः रिक्षा किंवा टॅक्सी चालवणाराही ग्राहकच, हे १९९३ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाले.

पण चार आणि तीस हे आकडे काही आपल्या कायद्यात आले नाहीत. 'उत्पादनातील दोष' सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकाच्याच खांद्यावर राहिले. ज्या दोषाचा उलगडा तपासणीशिवाय होत नाही, तिथे प्रयोगशाळेचा किंवा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. मारुती कंपनीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. वॉरंटीत कंपनीने सदोष भाग दुरुस्त करण्याचे वा बदलण्याचे वचन दिले आहे, अख्खी गाडी बदलण्याचे नव्हे, असे त्यात म्हटले. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून २००९ सालची, आधीच चाललेली गाडी दिली गेली. त्याचा वाद २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. तेव्हा जबाबदारी विक्रेत्यावर राहिली. विक्रेत्याच्या लबाडीची माहिती कंपनीला होती हे दाखवता न आल्याने कंपनी सुटली.

ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'उत्पादन दायित्व' हे नवे प्रकरण आहे आणि त्याचे बरेच कौतुकही झाले. बारकाईने वाचले तर दिसते, की त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूची हानी वगळलेली आहे. म्हणजे ब्रेक निकामी होऊन माणूस जखमी झाला तर हे प्रकरण उपयोगी. गाडी नुसतीच महिनोन्महिने वर्कशॉपमध्ये पडून राहिली तर नाही. त्यासाठी सदोष वस्तूच्या तक्रारीचा जुनाच मार्ग. मोटार वाहन कायद्यात गाड्या परत बोलावण्याची तरतूदही आली, पण ती एका प्रकारच्या अनेक गाड्यांमध्ये धोकादायक दोष आढळल्यास. तुमच्या एकट्याच्या रडक्या गाडीचे अश्रू ती पुसत नाही.

तोवर काय करायचे? अमेरिकेच्या कायद्याने जे शिकवले तेच, म्हणजे मोजायचे आणि लिहून ठेवायचे. दर वेळी जॉब कार्ड मागून घ्या. तक्रार तुमच्या शब्दांत त्यावर लिहून घ्या, 'जनरल चेकअप' अशी मोघम नोंद मान्य करू नका. गाडी दिल्याची आणि परत मिळाल्याची तारीख असू द्या. तोच दोष पुन्हा आला तर विक्रेता आणि उत्पादक, दोघांनाही लेखी कळवा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे जावे लागते, आणि आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आपल्या कायद्यात उणीव आहे ती एका ओळीची. किती दुरुस्त्या आणि किती दिवस, एवढेच त्या ओळीत लिहायचे आहे. कनेक्टिकटमध्ये एका आमदाराने ती लिहून आणली आणि बाकीच्या राज्यांनी तिचा कित्ता गिरवला. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या दारी येणाऱ्या मंडळींना रस्ते आणि पाणी यांबरोबर याही ओळीबद्दल विचारायला हरकत नाही.